ऑक्टाव्हिया आरएस २४५: एक्झॉस्ट बदलल्यापासून २२०० आरपीएमला केबिन घुमतंय, वर टायरचा आवाज. पूर्ण गाडीला डॅम्पिंग करावं का?

घाटवाट

नमस्कार मंडळी.

गाडी २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, ७ गिअरचं डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ४१,००० किमी. कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट बदललेला आहे: ७६ मिमीचा पाइप, मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा डबा) काढलेला, मागे आरपार जाळीचा सायलेन्सर. ४००० च्या वर आवाज सुरेख आहे, तो मला हवाच आहे. पण एक्स्प्रेसवेवर सातव्या गिअरमध्ये ताशी १०० च्या आसपास, २१०० ते २४०० आरपीएममध्ये, केबिन अक्षरशः घुमतं. कानात दडे बसतात. मागच्या सीटवर आई-बाबा असतात, त्यांना माझ्यापेक्षा जास्त त्रास होतो.

दुसरी तक्रार रस्त्याच्या आवाजाची. सिमेंट काँक्रीटवर मागच्या चाकांकडून सतत सूंऽऽ असा आवाज येतो, आणि खडबडीत डांबरावर ढमढम. टायर कंपनीतून आलेलेच आहेत, १८ इंची.

ॲक्सेसरीवाले म्हणतात, चारही दारं, फ्लोअर, डिक्की, छत असं सगळं बुटाइल शीटने (कंपन दाबणाऱ्या चिकट रबराच्या) मढवा, दोन्ही आवाज जातील. करण्याआधी जाणकारांना विचारतोय. खरंच जातील का? आणि नाही, तर सुरुवात कुठून करू?

---

आर्गॉन_वेल्ड

घाटवाट, दुकानदाराला आधी थांबवा. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत आणि दोघांची औषधं वेगळी आहेत. घुमणं शीटने जाणार नाही. ते पाइपातच मारावं लागतं.

कारण समजून घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा फायरिंग होतं. २२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३६.७ फेरे, म्हणजे साधारण ७३ हर्ट्झ. हवेत या आवाजाची तरंगलांबी ४.७ मीटर येते आणि तिची अर्धी २.३५ मीटर. पुढच्या काचेपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत केबिनची लांबी जवळपास तितकीच भरते. म्हणजे एक्झॉस्टने सूर लावला आणि केबिनने तो उचलून धरला. अशा वेळी दाब केबिनच्या दोन्ही टोकांना सर्वांत जास्त असतो आणि मध्यभागी सर्वांत कमी. आई-बाबांना जास्त त्रास होतो तो यामुळेच. पुढच्या सीटवरून थोडं मागे, दोन सीटांच्या मधोमध डोकं नेऊन बघायला सांगा कोणाला तरी, आवाज एकदम पडतो.

आता शीटचा हिशेब. ०.८ मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ६.३ किलो. त्यावर ३ किलोचं बुटाइल चढवलं तर कागदावर जेमतेम साडेतीन डेसिबलचा फरक पडतो, आणि तोही आवाज पत्र्यातून येत असेल तरच. फोमची तर बातच सोडा. ७३ हर्ट्झ शोषायला मीटरभर जाडीचा थर लागेल, १० मिमीने काही होत नाही.

खर्च करण्याआधी फुकटातल्या तपासण्या करा.

आरएसमध्ये पुढच्या काचेखाली कंपन देऊन इंजिनाचा आवाज वाढवणारं एक यंत्र बसवलेलं असतं. ड्रायव्हिंग मोडच्या इंडिव्हिज्युअलमध्ये जाऊन आवाजाची सेटिंग इको करा आणि पुन्हा चालवून बघा. कॅट-बॅक (कॅटच्या मागचा बदललेला एक्झॉस्ट) लावलेल्या गाडीत हे यंत्र नुसती भर घालत असतं, आणि ही गोष्ट बरेच जण तपासतच नाहीत.

मग गाडी लिफ्टवर घ्या, एक्झॉस्ट पूर्ण गरम असताना. पाइप गरम झाला की लांबतो, त्यामुळे थंड असताना मोकळा दिसणारा पाइप गरम झाल्यावर बॉडीला टेकलेला सापडतो. सगळीकडे किमान १२ ते १५ मिमी मोकळी जागा हवी: बोगद्यातलं हीट शील्ड, मागचा सबफ्रेम, स्टेपनीच्या खड्ड्याची कड, बंपरमधली टिप. कुठे घासल्याची चकाकी दिसली तर तिथून कंपन थेट पत्र्यात जातंय. सायलेन्सरची रबरं हाताने दाबून बघा. लाल-पिवळी पॉलियुरेथेनची कडक रबरं लावली असतील तर काढून कंपनीची साधी मऊ लावा. इंजिनच्या खालच्या माउंटमध्ये पॉलियुरेथेनचा इन्सर्ट टाकलेला असेल तर तोही घुमणं वाढवतो. फ्लँजला (पाइपाच्या जोडाला) गळती आहे का तेही बघून घ्या, काजळीचा काळा डाग लगेच दिसतो.

एवढं करून उरलं, की खरा इलाज. दोन रस्ते आहेत.

पहिला, मधला रेझोनेटर परत बसवणं. तो काढणं हीच मूळ चूक आहे. मात्र बाजारात मिळणारा ग्लासवूल भरलेला आरपार 'बुलेट' रेझोनेटर आणून लावलात तर घूं-घूं फारशी कमी होणार नाही. ग्लासवूल २००-३०० हर्ट्झच्या वर चांगलं काम करतं, कर्कशपणा आणि खरखर घालवतं, पण १०० च्या खाली त्याची ताकद नाही. कंपनीचा मधला भाग जुन्या सामानात पडून असेल तर आधी तोच क्लॅम्पने जोडून बघा.

दुसरा, क्वार्टर-वेव्ह पाइप. मुख्य पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) मारून एक बंद टोकाची आंधळी नळी जोडायची. लाट तिच्यात जाते, बंद टोकाला आपटून परत येते, आणि नळीची लांबी तरंगलांबीच्या पावपट असली तर बरोबर उलट्या फेजमध्ये येऊन मूळ लाटेला मारते. मधून वायू वाहत नाही, म्हणून पॉवर जात नाही, आणि वरच्या आरपीएमचा तुम्हाला आवडणारा आवाज जवळपास तसाच राहतो. तुमच्या गरजेला हा जास्त जुळतो.

लांबी = वायूतला ध्वनीचा वेग ÷ (४ × हर्ट्झ). इथेच सगळे चुकतात, कारण वेग ३४३ धरतात. तो २० अंश सेल्सिअसला. वायू गरम असला की वेग वाढतो: १५० अंशाला ४१२ मीटर प्रति सेकंद, २०० ला ४३६, ३०० ला ४८०. काही जण उलट चूक करतात आणि मुख्य पाइपाचं ३००-४०० अंश तापमान धरतात. आंधळ्या नळीत वायू वाहत नाही, तो बराच थंड असतो. १५० ते २०० धरून सुरुवात करा.

आधी नेमका आकडा आणा. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या, मागच्या सीटवर डोक्याच्या उंचीला धरायला सांगा. सातव्या, सहाव्या, पाचव्या गिअरमध्ये तोच आरपीएम धरून शिखर कुठे येतं ते नोंदवा. आरपीएम तोच आणि शिखर तेच राहिलं तर एक्झॉस्ट. वेग तोच ठेवल्यावर गिअर बदलला तरी आवाज हलला नाही तर टायर. आणि ॲपमध्ये 'ए' वेटिंग (कानाला कमी ऐकू येणारे सूर मापातून कापणारी सेटिंग) बंद करा. ते ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कापतं, त्यामुळे डोकं उठवणारी घूं-घूं आकड्यात दिसतच नाही. 'सी' किंवा 'झेड' लावा.

---

शांत_केबिन

आर्गॉन_वेल्ड यांनी एक्झॉस्टचं नेमकं सांगितलंय. मी रस्त्याच्या आवाजापुरतं लिहितो.

यातही दोन जाती आहेत. काँक्रीटवरची सूं ही टायरच्या नक्षीची आणि रस्त्यावर आडव्या मारलेल्या बारीक खाचांची. दोन खाचांत २० मिमी अंतर असेल तर ताशी १०० ला १४०० हर्ट्झच्या आसपास शिट्टी वाजते. शिवाय स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे सेकंदाला सहा टक-टक. खडबडीत डांबरावरची ढमढम वेगळी: ती टायरच्या आतल्या हवेची. तुमच्या मापाच्या टायरमध्ये ही पोकळी २०० हर्ट्झच्या आसपास वाजते आणि सस्पेन्शनमधून बॉडीत शिरते.

म्हणून पहिला पैसा टायरवर. साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: आठवडा आणि वर्ष. २०२० चे टायर असतील तर रबर कडक झालंय, नक्षी उरली असली तरी आवाज करणारच. मग तळहात नक्षीवरून आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं लागलं तर टायर पायऱ्या पडून झिजलेत. मागच्या चाकांवर हे टो (चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडल्याने होतं. पुष्कळ ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त पुढची चाकं धरतात. या गाडीला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आहे, मागचा टोसुद्धा जुळवता येतो. चारही चाकांचा छापील रिपोर्ट मागा, आधीचा आणि नंतरचा. टो न जुळवता नवे टायर घातलेत तर काही हजार किलोमीटरमध्ये तेही तसेच गुणगुणायला लागतील.

बेअरिंगही याच वेळी बघून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०-७० ला हलकेच डावी-उजवीकडे वळवा. उजवीकडे वळवताना घरघर वाढली तर डावं बेअरिंग, डावीकडे वाढली तर उजवं. बेअरिंगचा आवाज टायरचा समजून लोक चार टायर बदलतात.

नवे घेताना आराम आणि पकड यात निवड तुमची. मिशलिनचा प्रायमसी ४ एसटी किंवा योकोहामाचा अॅडव्हान डीबी हे शांततेसाठी बनवलेले आहेत, पण स्टिअरिंगला जरा मऊ वाटतील. पायलट स्पोर्ट ४ ला पकड जास्त, आवाजही थोडा जास्त. मूळ लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंगच्या खाली जाऊ नका. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड टायरला. 'लांब जायचंय' म्हणून ४-५ पीएसआय जास्त भरतात, त्याने ढमढम वाढते. टायरच्या आत फोम चिकटवण्याचे घरगुती प्रयोग टाळा: बॅलन्सिंग जातं आणि पंक्चरवाला तो फोम ओरबाडून काढतो.

मग मॅटिंग, म्हणजे शीट लावणं, पण सगळ्या गाडीला नाही. ऑक्टाव्हियाचं मागचं दार काचेसकट उघडतं, डिक्की आणि केबिन यांच्यात पत्र्याची भिंत नाही, फक्त सीटची पाठ आणि पार्सल ट्रे. मागच्या चाकांचा आवाज थेट आत येतो. म्हणून काम फक्त इथे: स्टेपनीचा खड्डा, मागच्या दोन्ही चाकांच्या कमानी आतून, मागच्या सीटखालचा पत्रा. क्षेत्रफळ दोन-अडीच चौरस मीटर.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, रंग मऊ होतो. २ मिमी बुटाइल, वर ॲल्युमिनियम फॉइल. पत्रा बोटाने वाजवा: टण्ण वाजतो त्या सपाट भागाच्या मधोमध २५ ते ३० टक्के जागा झाकली तरी पुरते. शंभर टक्के झाकून वजन वाढतं, फायदा त्या प्रमाणात नाही. लोखंडी रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा, खाली हवेचा फुगा राहिला तर तो भाग निकामी. डांबराचं स्वस्त शीट अजिबात घेऊ नका. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ते ओघळतं आणि वास महिनोन्महिने जात नाही.

यावर ६ ते १० मिमी बंद पेशींचा फोम, त्यावर एमएलव्ही (आवाज अडवणारं जड व्हिनाइलचं शीट), चौरस मीटरला ५ किलोचं. फोम न घालता एमएलव्ही पत्र्यावर चिकटवलं तर ते नुसतं वजन होतं, त्याने तरंगत राहायला हवं. आणि सांधा उघडा ठेवू नका, पाच टक्के फट राहिली की बरीचशी मेहनत वाया. दहा मिमी फोमवर याचा खरा उपयोग ५०० हर्ट्झच्या वर होतो. म्हणजे काँक्रीटची सूं चांगली कमी होईल, ढमढम थोडी, घूं-घूं नाही. बुटाइल आणि एमएलव्ही मिळून वजन १५ किलोच्या आसपास वाढेल.

तीन गोष्टी झाकायच्या नाहीत: खड्ड्यातले पाण्याचे रबरी बूच, वायरिंगची ग्रोमेट (तारांभोवतीची रबरी कडी), आणि मागच्या बंपरआडचे हवा बाहेर सोडणारे झडपांचे झरोके. ते झरोके बुजले की दार लावताना कान दुखतात आणि पावसाळ्यात काचा आतून धुकट होतात. चाकाच्या कमानीला बाहेरून शीट लावू नका, चिखल आणि ओल अडकून पत्रा आतून कुजतो.

---

ओबीडी_वाचक

एक महत्त्वाची भर, सुरक्षेची. पुढच्या दारांना हात लावायचा झाला तर लक्षात ठेवा: या गाडीच्या पुढच्या दारात बाजूच्या धडकेसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दार चेपलं की आतला दाब वाढतो आणि त्यावरून एअरबॅगचा निर्णय होतो. आतल्या पॅनेलची भोकं आपल्या मनाने बुजवली किंवा पॅनेलचं सीलिंग फाटलं तर त्या मापनाशी खेळ होतो. बाहेरच्या पत्र्याला आतून बुटाइलचे दोन पट्टे एवढंच पुरे, आणि तळाची पाणी जायची भोकं मोकळी. सीट काढताना खालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे: आधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडं थांबा, मग हात लावा. नाहीतर दिवा लागतो आणि स्कॅनरशिवाय जात नाही.

दुसरं, एक्झॉस्टचा आवाज मोठा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पाइप दुरुस्त करताय तर कंपनीचा मूळ एक्झॉस्ट भंगारात देऊ नका.

---

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासलं.

आवाजाची सेटिंग इको केली, थोडा फरक, घुमणं कायम. लिफ्टवर गरम असताना उजवी टिप बंपरला टेकत होती, रबरं लाल कडक होती. दोन्ही सुधारलं. स्टिअरिंगखाली जाणवणारी बारीक कंपनं गेली, घूं-घूं थोडी कमी झाली.

'झेड' लावून शिखर ७५ हर्ट्झला, २२५० आरपीएम. पाचव्या, सहाव्या, सातव्यात तेच. म्हणजे एक्झॉस्टच. मध्यभागी डोकं नेल्यावर आवाज खरोखर पडतो.

टायर २०२० चेच, मागचे दोन्ही करवतीसारखे. मागचा टो बाहेर होता, जुळवून घेतला. मूळ मधला भाग माझ्याकडे नाही, त्यामुळे क्वार्टर-वेव्हच करायचंय. फॅब्रिकेटरला काय सांगू? तो म्हणतो, एक फूट नळी बस होईल, आणि जागा आहे म्हणून मागच्या सायलेन्सरला लागूनच जोडतो.

---

आर्गॉन_वेल्ड

एक फुटाची नळी ३४०-३५० हर्ट्झला काम करेल, म्हणजे दहा हजार आरपीएमला. नको.

तुमचा हिशेब: ७५ हर्ट्झ, १५० अंश धरून ४१२ ÷ ३०० = १.३७ मीटर. २०० अंश धरून १.४५. नळी १.५० मीटर घ्या आणि कापत या. २ सेंमी कापलं की साधारण १ हर्ट्झ वर सरकतं. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून घाई नको.

जागा: सायलेन्सरला लागून जोडायचं नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी दाब जवळजवळ शून्य असतो, तिथे आंधळ्या नळीला मारायला काही मिळतच नाही. 'आम्ही लावली, काही झालं नाही' म्हणणाऱ्यांत बहुतेकांचं इथेच चुकलेलं असतं. तोंडापासून पुढे मीटर-दीड मीटरवर टी घ्या, म्हणजे साधारण मधला रेझोनेटर होता तिथेच. व्यास मुख्य पाइपाइतकाच, ७६ मिमी. जागा नसेल तर ६३. ५० ची लावली तर परिणाम दुबळा.

सरळ दीड मीटर मावणार नाही, इंग्रजी यू सारखी वळवून पाइपाला समांतर आणा. वळणाने काम बिघडत नाही, फक्त लांबी मध्यरेषेवरून मोजा, बाहेरच्या कडेवरून नाही. पेट्रोलची टाकी प्लॅस्टिकची आहे, तिच्या आणि नळीच्या मध्ये हीट शील्ड हवंच. बंद टोक जोडापेक्षा थोडं वर ठेवा, म्हणजे सकाळचं साचलेलं पाणी मुख्य पाइपात परत वाहील. टोक खाली राहिलं तर पाणी भरतं, नळी आखूड झाल्यासारखी होते आणि सूर चुकतो. लांब नळीला स्वतःचं एक रबर हँगर द्या, नुसत्या वेल्डवर लटकवलीत तर टीच्या मुळाशी तडा जाणार.

धातू ३०४ स्टेनलेस, १.५ मिमी, आर्गॉन वेल्डिंग, आतून गॅस भरून, म्हणजे आत काटे येणार नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा.

ट्यूनिंगसाठी टोक लगेच वेल्ड करू नका. नळीच्या शेवटी सरकणारी बाही, तिला बंद टोपी, आणि बँड क्लॅम्प. वीस मिनिटं चालवून गरम करा, मग ॲपने बघा. शिखर ७५ च्या खाली दबतंय आणि ७५ ला अजून वाजतंय तर नळी लांब आहे, २ सेंमी आत घ्या. ७५ दबलं की आणखी एक सेंमीही आत घेऊ नका. घाट चढताना वायू तापून नळीचा सूर आपोआप चार-पाच हर्ट्झ वर जातो, २३००-२४०० चा पट्टा त्यातच झाकला जाईल. सपाटीवर आणि चढावर दोन्हीकडे बघूनच टोपी वेल्ड करा.

---

शांत_केबिन

क्रम असा ठेवा, घाटवाट: आधी नळी, मग टायर, मग किमान आठवडाभर गाडी तशीच चालवा. घूं-घूं गेली की आतापर्यंत झाकलेले बारीक आवाज ऐकू येतील, पार्सल ट्रेची खडखड, दाराच्या रबराजवळची वाऱ्याची शीळ. दाराला कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा, सैल निघाली तिथे रबर बसलेलं नाही. डिक्कीला मॅटिंग त्यानंतरच, आणि चालू पावसाळ्यात नको. कार्पेटखाली ओल असताना एमएलव्ही अंथरलं तर ती ओल वाळत नाही. स्टेपनीचा खड्डा कोरडा आहे याची दोन दिवस खात्री करून मगच पहिलं शीट लावा.